कसं वाजतंय?

गेले सहा शनिवार-रविवार इथे काही लिहिलं नाही. दोघा-तिघांनी 'लग्न ठरलं का रे?' असंही विचारून घेतलं. नाही हो. मी गावाकडे एका बसचा तळ बदलत होतो.

(हे वाक्य ऑफिसमध्ये ज्याला ज्याला सांगितलं, त्याने एक क्षण थांबून 'म्हणजे नक्की काय?' असं विचारलं. तेव्हा सविस्तरच लिहितो.)

माझं गाव अंतरवाली सराटी. तालुका अंबड, जिल्हा जालना. २०२३ च्या ऑगस्टपर्यंत पुण्यात हे नाव सांगितलं की मला नकाशा लहान लहान करत न्यावा लागायचा. अंबड माहितीये? नाही? बरं, जालना? बरं, औरंगाबाद तरी? १ सप्टेंबर २०२३ ला मनोज जरांगे पाटलांच्या उपोषणाच्या ठिकाणी लाठीमार झाला आणि त्या दिवसापासून मला गावाचा पत्ता कुणी विचारलेला नाही. उलट लोक मलाच गावातलं काय काय सांगतात. त्या विषयावर प्रत्येकाचं मत असतं, माझंही आहे, पण हा लेख त्याच्यावर नाही. कॅमेरे येऊन गेले तरी आमच्या वस्तीवर रोजचं जगणं तेच आहे. ऊस, कापूस, वाटेल तेव्हा जाणारी लाईट, आणि संध्याकाळी पोरांना अभ्यासाला बसायला जागा नाही.

या शेवटच्या मुद्द्यावरून बस आली.

माझी वहिनी डी.एड. झालेली आहे. संध्याकाळी वस्तीवरची वीस-बावीस पोरं लिंबाच्या झाडाखाली गोळा करून ती त्यांचा अभ्यास घेते. पाऊस आला की ती सगळी वरात आमच्या ओसरीत. एका पावसाळ्यात ओसरीत पोरं, दोन शेळ्या आणि खताच्या गोण्या असे सगळे एकत्र पाढे म्हणत बसलेले मी स्वतः पाहिलेत. खोली बांधायची तर खर्चाचा आकडा ऐकूनच सगळे गप्प झाले. तेव्हा अण्णा म्हणाले, 'बस आणू की एक.'

अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांनी औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर, पण त्यांच्या तोंडी अजून औरंगाबादच) एका बॉडी बांधायच्या शेडमध्ये एकतीस वर्षं फिटर म्हणून काम केलं. आपण जिला बस म्हणतो ती बऱ्याचदा दोन ठिकाणी जन्माला येते. एक कंपनी चॅसी बनवते, म्हणजे इंजिन, चाकं आणि दोन लांब लोखंडी तुळया. वरची बॉडी दुसरंच कुणी बांधतं. एसटीच्या तर स्वतःच्या तीन कार्यशाळा आहेत, दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा. १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली, तिची बॉडी लाकडी होती. मग ॲल्युमिनियम आलं, अलीकडे लोखंडी. पण पायाखाली मात्र बहुतेक बसमध्ये लाकूडच राहिलं. प्लायवूडच्या रूपात.

आणि बसचं दुसरंच काहीतरी करणं यातही आपण नवीन काही करत नाही, हे मी गुगल करून खात्री करून घेतलं. पुण्यात २०१६ पासून जुन्या बसमध्ये बायकांसाठी 'ती' स्वच्छतागृहं झाली. विज्ञानवाहिनी ही संस्था १९९५ पासून बसमध्ये अख्खी प्रयोगशाळा घालून खेडोपाडीच्या शाळांत नेते आहे. डोअर स्टेप स्कूलची 'स्कूल ऑन व्हील्स' म्हणजे तर चाकांवरचा वर्गच. २०२० मध्ये लॉकडाऊनच्या काळात एसटीने जुन्या बसची आसनं काढून मालवाहू गाड्या केल्या. तेव्हा एक बस आमच्या शेतात येऊन अभ्यासिका झाली तर बिघडलं कुठे?

बस मिळाली ती एका शाळेची, भंगारवाल्याकडून. इंजिन-गिअरबॉक्स आधीच काढून घेतलेलं, नोंदणी रद्द झालेली. म्हणजे कागदावर ती बस उरलेलीच नव्हती. हे आमच्या पथ्यावरच पडलं. चालती गाडी असती तर तिच्यात बदल करायला आरटीओची परवानगी, तपासणी, सगळं आलं असतं. आमची बस कुठेच जाणार नव्हती. एप्रिलच्या शेवटी ती क्रेनने लिंबाशेजारी आणून ठेवली आणि शाळा उघडायच्या आत, म्हणजे १५ जूनपर्यंत, ती तयार करायची असं मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर करून टाकलं. डेडलाईन न विचारता जाहीर करायची सवय मला कुठून लागली ते सांगायला नको.

माझा प्लॅन सोपा होता. दोन शनिवार-रविवार. बाकं काढायची, आतून रंग द्यायचा, आणि खाली जी जुनी मॅट आहे तिच्यावरच नवीन प्लाय ठोकून वर विनाईल अंथरायचं. मी व्हिडिओही पाहिले होते. अमेरिकेत जुन्या स्कूल बसचं घर करण्याचं मोठं खूळ आहे, अशा बसला ते लाडाने 'स्कूली' म्हणतात. तिथला प्रत्येक माणूस पहिल्यांदा तळ उचकटतो आणि मग गंज बघून कॅमेऱ्यासमोर हताश होतो. मी अण्णांना मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो चष्मा वर करून नीट पाहिला आणि म्हणाले, 'त्यांच्या फ्लोरखाली पत्राय. आपल्याखाली काहीच नसतं.'

खरंच होतं ते. त्यांच्या स्कूल बसला प्लायच्या खाली सलग पोलादी पत्रा असतो. आमच्या बसला चॅसीवर आडवे चॅनेल टाकलेले, त्यांच्यावर थेट प्लाय आणि प्लायवर मॅट. म्हणजे तिकडे प्लाय सडला तरी पाय पत्र्यावर टिकतो. इकडे प्लाय सडला की खाली थेट रस्ता. आमच्या बाबतीत, दीड-दोन हात खाली काळी माती.

'म्हणून आधी बघायचं,' अण्णा म्हणाले. 'मग ठोकायचं.'

बघायचं म्हणजे काय, यातच पहिला शनिवार गेला. पहिलं काम बसच्या खाली शिरायचं. पण त्याआधी अण्णांनी चॅसीखाली चार ठिकाणी लोखंडी घोड्या लावल्या आणि जॅक काढूनच घेतला. 'जॅक उचलायला असतो, झोपायला नाही.' मग बॅटरीकडून आलेल्या जुन्या तारा कापून टोकं बांधून टाकली. त्यानंतर मला टॉर्च देऊन खाली पाठवलं आणि स्वतः बाहेर बसून विचारत राहिले. मागच्या चाकाच्या कमानीत काय आहे? माती. किती? भरपूर. ओली का कोरडी? मे महिना अण्णा, कोरडीच असणार. 'बोटानं उकर.' उकरली तर आत गार आणि दमट. वरून खडखडीत कोरडी आणि आत दमट! बसला पाणी लागतं ते पावसाने भिजल्यामुळे कमी आणि हे असं साठून राहिल्यामुळे जास्त. चाकाने उडवलेला चिखल कमानीच्या कोपऱ्यात बसतो आणि स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो. दुसरी जागा दाराची पायरी. तिसरी जागा मला कधीच सुचली नसती, ती खिडकीखालची भिंत. काचेच्या खाचेतलं पाणी आतल्या आणि बाहेरच्या पत्र्यांच्या मधून उतरतं आणि बरोबर प्लायच्या कडेवर येऊन थांबतं. प्लायची कड म्हणजे स्ट्रॉचा गठ्ठाच. पाणी चाखत चाखत आत नेते.

मग मॅट काढली. बेचाळीस डिग्रीत, पत्र्याच्या डब्यात, तोंडाला रुमाल बांधून. उंदरांची घरटी होती म्हणून रुमाल ओला करून बांधायला लावला होता. मॅटच्या खाली आणि बाकांच्या पायांशी त्या शाळेचा अख्खा इतिहास निघाला. खोडरबरं, पेन्सिलींचे तुकडे, अकरा हेअरक्लिपा, एक बिल्ला, एक दुधाचा दात (हो, दात!) आणि चार आण्याचं नाणं. चार आणे २०११ साली चलनातून गेले, म्हणजे ते कुणाच्या तरी खिशातून त्याच्या आधीच पडलं असणार. वहिनीने सगळं एका बरणीत भरून ठेवलं आहे.

आणि मॅटच्या खाली आणखी एक मॅट निघाली. दोन्हींच्या मधे एका जागी पातळ पत्र्याचा तुकडा. म्हणजे कधीतरी कुणाच्या तरी लक्षात आलं होतं की इथे पाय दबतोय. त्याने पत्रा टाकला, वर नवीन मॅट टाकली आणि बस पोरं घेऊन परत रस्त्यावर गेली. मी अगदी हेच करणार होतो.

त्यानंतरचा भाग या सगळ्या लेखाचं कारण आहे.

उघड्या प्लायची तपासणी अण्णांच्या पद्धतीने. हातोडीच्या दांड्याने वीत-वीतभर अंतरावर ठोकत जायचं. चांगला प्लाय 'टण्' वाजतो. पदर सुटलेला प्लाय 'भद्' वाजतो. शंका आली तर पेचकस टोचायचा, तो आत गेला तर खडूने फुली. चांगल्या जागी बरोबरची खूण. लहानपणी अण्णा मला शेडमध्ये घेऊन जायचे तेव्हा हे मी शंभरदा पाहिलं होतं. पंचवीस फुटांच्या बसवरून ते चालत जायचे आणि मागे खडूच्या खुणांची रांग उमटायची. ठोकताना मान थोडी डावीकडे कललेली. मला ते वैद्याने नाडी बघितल्यासारखं वाटायचं.

या वेळीही मान तशीच कलली. टक् टक् टक्, बरोबर. टक् टक् टक्, बरोबर. दाराजवळ आले. भद्. बरोबरची खूण. भद्. बरोबरची खूण.

मला वाटलं, माझीच चूक. ते पुढे गेल्यावर मी हळूच तिथे पेचकस टेकवला. मूठ लागेपर्यंत आत गेला.

काय बोलावं ते मला कळेना. मी पाणी प्यायला गेलो. परत आलो तर ते मागच्या चाकाजवळ पोचले होते आणि तिथेही सगळं बरोबर होतं. ज्या कमानीखाली मी सकाळी दमट माती उकरली, तिच्या अगदी वर.

रात्री आईला विचारलं. आई भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, 'तुला आता कळालं व्हय? टीव्हीचा आवाज वाढवून वाढवून शेजारच्या वस्तीला बातम्या ऐकवितेत. फोन उजव्या कानाला लावीतच न्हाईत.' मी म्हटलं, मग दाखवलं का नाही कुणाला? 'म्हणतेत, मला समदं ऐकू येतंय, लोकंच हळू बोलायलेत.'

मी मोबाईलवर वाचत बसलो. सतत मोठ्या आवाजात काम करणाऱ्यांचे कान जातात ते सगळे एकदम जात नाहीत. आधी जातात वरच्या पट्टीतले आवाज, चार हजार हर्ट्झच्या आसपासचे. बोलणं बरंचसं खालच्या पट्टीत असतं म्हणून माणसाला ऐकू येतंय असं वाटत राहतं. आणि गेलेलं परत येत नाही. एकतीस वर्षं बंद शेडमध्ये रिव्हेट ठोकायचे, पत्रे कापायचे, ग्राइंडर चालवायचे. तेव्हा कानात कोण काय घालत होतं! 'टण्' आणि 'भद्' यांतला फरक असतो तो नेमका वरच्या पट्टीत. अण्णांना दोन्ही ठोके ऐकू येत होते. पण दोन्ही सारखेच.

सकाळी चहा घेताना मी फार विचार करून एक वाक्य तयार केलं होतं. ते काही बोललो नाही. म्हणालो, 'अण्णा, मला शिकायचंय. आज मी ठोकतो, तुम्ही बघा.' ते माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, 'दाराजवळचं परत बघावं लागंल न्हाई का?'

म्हणजे त्यांनाही माहीत होतं. पेचकसाचं भोक त्यांनी संध्याकाळीच पाहिलं असणार.

रविवारी मी ठोकलं आणि मोठ्याने सांगत गेलो. टण्. टण्. भद्. अण्णा प्रत्येक जागी गुडघ्यावर बसून शेजारी तळहात टेकवायचे. 'परत ठोक.' थोड्या वेळाने माझ्या आधी तेच सांगायला लागले. सडलेल्या जागी ठोका हातात मरतो म्हणाले, चांगल्या जागी तो उलट येतो. मी तळहात ठेवून पाहिला, मला घंटा काही कळलं नाही. दुपारपर्यंत बसमध्ये बरोबरच्या खुणा कमी आणि फुल्या जास्त झाल्या. सबंध प्लाय काढायचा ठरला.

काढल्यावर खालचं दिसलं. एकूण चौदा आडव्या चॅनेलपैकी पाच गेलेले. मागच्या चाकावरचा एक तर बोटाने चुरला. ही मोजदाद करताना मला जरा गरगरलं. माझ्या प्लॅनप्रमाणे या पाच चॅनेलवर मी नवा कोरा प्लाय, चकाचक विनाईल आणि वीस-बावीस पोरं बसवणार होतो. आणि वरून ते इतकं छान दिसलं असतं की पुढची दहा वर्षं कुणी खाली वाकून बघितलं नसतं.

पुढचे दोन आठवडे वेल्डरचे. तो वडीगोद्रीहून यायचा, म्हणजे यायचा तेव्हा यायचा. अण्णांची अट एकच, प्लायचा एक तुकडाही आत असताना वेल्डिंग नाही आणि शेजारी पाण्याच्या दोन बादल्या. जुन्या बसच्या तळाला ऑईल, ग्रीस, काथ्या काय काय चिकटलेलं असतं. ठिणगी पडली की काम संपलं. नवे चॅनेल बसले, बाकीचे नऊ तारेच्या ब्रशने घासून त्यांना रेड ऑक्साइडचे दोन हात दिले. घासायचं काम माझं. सोमवारी ऑफिसात कीबोर्डवर बोटं टेकली की आई आठवायची.

एका बाबतीत मात्र माझी डिग्री कामाला आली. जुन्या चॅनेलमधलं अंतर सगळीकडे सारखं नव्हतं, काही ठिकाणी पार दीड हात होतं. मी म्हटलं, मधे एकेक जादा चॅनेल टाकू. आधार निम्म्या अंतरावर आला की मधोमध पाय पडल्यावर प्लाय दबतो तो निम्मा नाही, आठपट कमी. अंतराच्या घनाचा हिशोब असतो. हे मी वहीवर सूत्र मांडून दाखवलं. अण्णा म्हणाले, 'आमचा उस्ताद म्हणायचा, दोन चॅनेलमधे बकरीचं पिल्लू मावलं तर पोरगं पडंल.' दोन्ही हिशोबांचं उत्तर जवळजवळ एकच आलं.

मग प्लाय. बाजारात मिळतो तो साधा कमर्शियल प्लाय इथे चालत नाही, ओल लागली की वर्षा-दोन वर्षांत त्याचे पदर सुटतात. मरीन प्लाय घ्यायचा, ज्याच्यावर आयएस ७१० असा शिक्का असतो. त्या मानकात प्लायचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात आणि तरी त्याचे थर सुटता कामा नयेत. पण शिक्का काय, कुणीही मारतो. म्हणून अण्णांनी दुकानदाराकडून एक वीतभर तुकडा मागून आणला आणि आईच्या पातेल्यात चुलीवर चढवला. ७२ तास काही जमलं नाही. दुसऱ्या दिवशी आईने पातेल्यासकट तो बाहेर ठेवला. पण तोवर उकळून उकळून पाणी चहासारखं झालं होतं आणि तुकडा जसाच्या तसा. आठ बाय चारचे आठ ताव घेतले, १२ मिलिमीटरचे. एकेक ताव वीस-पंचवीस किलोचा. ज्यांना कुणाला जिम लावायचीय त्यांनी संपर्क साधावा.

बसवण्याआधी प्रत्येक तावाच्या कापलेल्या कडा रंगवल्या, दोन-दोन वेळा. खालची बाजूही. सगळे जोड चॅनेलच्या बरोबर मध्यावर यायला हवेत, म्हणजे दोन्ही तावांना टेकायला जागा मिळते. दोन तावांत नखाएवढी फट ठेवायची, प्लाय फुगला तर त्याला जायला जागा. आणि मॅट आठ दिवसांनी, एकदा बसच्या छपरावर आणि खिडक्यांवर पाणी मारून आत कुठून उतरतं ते बघितल्यावरच. हे सगळं मी लिहून घेतलं आहे. कुणाला हवं असेल तर पाठवीन, पण कुणी मागेल असं वाटत नाही.

१५ जून केव्हाच निघून गेला होता. पहिला पाऊस पडला तेव्हा पोरं परत ओसरीतच होती, शेळ्यांसकट. ग्रुपवर माझ्या चुलतभावाने 'साहेबांची बस लेट आहे' असा मेसेज टाकला. शेवटचा ताव बसला तो जूनच्या शेवटच्या रविवारी, दुपारी चार वाजता. मला रात्री नऊला हायवेवरून पुण्याची गाडी होती आणि सोमवारी सकाळी दहाला एक रिलीज.

अण्णा म्हणाले, 'आता सगळं एकदा वाजव.'

मी वाजवत निघालो. ते मागे हातात खडू घेऊन. गुडघे दुखायला लागले होते म्हणून या वेळी ते खाली बसले नाहीत, उभ्यानेच येत होते. तळहात टेकवत नव्हते. नुसतं विचारायचे, 'कसं वाजतंय?' मी म्हणायचो, चांगलं. मग काठीच्या टोकाला बांधलेल्या खडूने बरोबरची खूण.

मागून तिसऱ्या जोडावर ठोका पोकळ आला. 'भद्' नाही, पण 'टण्'ही नाही. मी परत ठोकलं. तसंच.

'कसं वाजतंय?'

घड्याळात पावणेपाच. 'चांगलं,' मी म्हणालो.

खूण झाली. आम्ही पुढे गेलो.

ऑफिसमध्ये आम्ही एकमेकांचा कोड तपासतो तेव्हा सगळं नीट असेल तर खाली 'लुक्स गुड टू मी' असं लिहितात. शुक्रवारी संध्याकाळी आठशे ओळींचा बदल समोर आला की मी तो वर-खाली फिरवतो आणि हेच लिहितो. सगळेच लिहितात. त्याचं मला कधी फार वाईट वाटलेलं नाही, खरं सांगतो. फार तर काय, सर्व्हर बसतो. दोन तास आरडाओरडा होतो.

बॅग भरली. आईने डबा दिला. अण्णा बसच्या दारात पायरीवर बसले होते आणि वहिनीची धाकटी, पाच वर्षांची, आत त्या नव्या प्लायवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत होती. धाड धाड धाड. त्या तिसऱ्या जोडावरून ती गेली की आवाज बदलायचा. प्रत्येक वेळी. मला ते ऐकू येत होतं आणि अण्णांना येत नव्हतं, आणि ते तिच्याकडे बघून हसत होते.

मी बॅग खाली ठेवली. म्हटलं, 'अण्णा, एका जागी मी चुकीचं सांगितलं.'

मला वाटलं होतं ओरडतील. निदान 'कामून?' असं तरी विचारतील. काही नाही. उठले, आत गेले. 'कोणती जागा?' दाखवली. 'उघड.'

चौदा स्क्रू काढून ताव उचलला. जोड चॅनेलच्या मध्यावर आलेलाच नव्हता. कापताना माझं माप दोन बोटं चुकलं होतं, एका तावाची कड चॅनेलला जेमतेम चाटून जात होती आणि बाकी हवेत. वरून बघितलं तर जोड सरळ रेषेत, एकदम झकास. अण्णांनी तिथे बोट फिरवलं, मग चॅनेलच्या बाजूला एक लोखंडी अँगल लावायला सांगितला. वेल्डर रविवारी संध्याकाळी कुठे मिळणार! भोकं पाडून नट-बोल्टनेच आवळला. दहा वाजले. मधे एकदा लाईट गेली, तेव्हा आई टॉर्च धरून उभी होती.

गाडी गेलीच. सोमवारी सकाळी मी बसमध्येच बसून लॅपटॉप उघडला, मोबाईलच्या नेटवर. कॉलवर मॅनेजरने विचारलं, तुझ्या मागे हे खडूचं काय काढलंय? मी म्हटलं, टेस्ट रिपोर्ट आहे.

जुलैत मी अण्णांना संभाजीनगरला घेऊन गेलो. कानाची तपासणी झाली. कागदावरची रेघ सुरुवातीला बरी चालते आणि मग दरीत उडी मारल्यासारखी खाली जाते. डॉक्टरांनी यंत्र दिलं. ते घालून अण्णा घरी आले आणि पहिल्याच दिवशी म्हणाले की भांड्यांचा आवाज फार मोठा येतो. आता ते बहुतेक वेळा शर्टाच्या खिशात असतं. आईची तक्रार चालूच आहे.

बस मात्र सुरू झाली. मॅट टाकली, कडेला कपाटं झाली. बाकं काढली ती परत बसवलीच नाहीत, पोरं खालीच बसतात. परवा गेलो तेव्हा जोराचा पाऊस होता. छपरावर इतका आवाज की वहिनीला ओरडून शिकवावं लागत होतं. अण्णा मागच्या चाकाच्या कमानीजवळ, पोरांच्या मधे मांडी घालून बसले होते. तळहात जमिनीला टेकवलेला.

मी विचारलं, काय बघताय?

मला ऐकू न आल्यासारखं करून त्यांनीच विचारलं, 'तुला काय वाटतं? कसं वाजतंय?'

पावसात काहीच ऐकू येत नव्हतं. मी तसं सांगितलं.

'मग थांबू,' ते म्हणाले. 'पाऊस उघडला की बघू.'